आठ कलांचे मोल

जर्मनीतील वाईल डेर श्टाट या लहानशा गावी २७ डिसेंबर १५७१ रोजी योहान्नेस केप्लरचा जन्म झाला. बालपणी त्याला देवी आल्या. त्या दुखण्यातून तो वाचला, परंतु त्याची दृष्टी कायमची अधू झाली. १५७७ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसू लागला. मातेने त्याला उंच जागी नेऊन तो दाखविला. ज्याला तारे स्पष्ट दिसत नव्हते, त्यानेच पुढे ग्रहांचे खरे मार्ग शोधून काढावेत, हे केवढे नवल!

ट्यूबिंगेन येथील शिक्षण संपवून केप्लर ग्रात्स येथे गणिताचा शिक्षक झाला. परंतु धर्मकलहामुळे त्याला ते गाव सोडावे लागले. १६०० साली तो प्रागजवळ राहणाऱ्या टायको ब्राहे या ज्योतिर्विदाकडे आला. टायकोने वीस वर्षे ह्वेन बेटावर ग्रहताऱ्यांचे वेध घेतले होते. तेव्हा दुर्बीण नव्हती. तरी त्याच्या प्रचंड यंत्रांनी घेतलेल्या वेधांत बहुधा एक-दोन कलांहून अधिक चूक नसे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंब सुमारे ३० कला रुंद दिसते, यावरून ही सूक्ष्मता ध्यानात येईल.

१६०१ साली टायको निवर्तला आणि त्याची टिपणे केप्लरच्या हाती आली. मंगळाचा मार्ग निश्चित करणे हे काम त्याच्यापुढे होते. ग्रह वर्तुळातच फिरतात, असे दोन हजार वर्षे विद्वान मानीत आले होते. केप्लरनेही तेच गृहीत धरले आणि पानांमागून पाने आकडेमोडीने भरून काढली. अखेर गणित जुळत आले. फरक उरला तो केवळ ८ कलांचा.

एवढासा फरक सोडून देणे किती सोपे होते! वेधातच चूक झाली असेल, असे म्हटले की काम संपले असते. परंतु टायकोच्या हातून ८ कलांची चूक होणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होता. मग चूक गृहीतात असली पाहिजे, असे त्याने ठरविले. कष्टाने उभारलेले सारे गणित त्याने स्वतःच मोडले आणि पुन्हा आरंभ केला. तेव्हा त्याला सत्य गवसले: मंगळाचा मार्ग वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, आणि सूर्याजवळ येताच त्याची गती वाढते. हे नियम त्याने १६०९ साली प्रसिद्ध केले.

पुढे १६२७ साली त्याने ग्रहगणिताची कोष्टके छापली. त्यांच्या आधारे बुध १६३१ साली सूर्यबिंबावरून जाईल, असे त्याने वर्तविले. १५ नोव्हेंबर १६३० रोजी केप्लर कालवश झाला; परंतु दुसऱ्या वर्षी पॅरिस येथे गासेंदीने ते दृश्य प्रत्यक्ष पाहिले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याच्याबरोबर त्याच्या रॉकेटचा एक भागही पृथ्वीभोवती फिरू लागला. आज असे हजारो उपग्रह व रॉकेटांचे निकामी भाग फिरत आहेत. त्यांच्या कक्षांचे गणितही केप्लरच्या नियमांवरच उभे आहे. मात्र विरळ हवेच्या घर्षणाने हे मार्ग हळूहळू बदलतात. म्हणून रडार व दुर्बिणी यांनी त्यांचे वेध पुनःपुन्हा घ्यावे लागतात. पृथ्वीजवळचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. वेळ टिपण्यात एका सेकंदाची चूक झाली, तर त्याचे स्थान तितकेच चुकते आणि टकरीची पूर्वसूचना व्यर्थ ठरते.

लहान चुकीकडे डोळेझाक न करणाऱ्यालाच मोठे सत्य दिसते, हे केप्लरच्या चरित्राचे सार होय.