नानबाईचा मुलगा आणि हजार वर्षांपूर्वीचा तारा : हकीम अली इब्न रिदवान

कैरोजवळच्या गिझा गावात इ.स. ९८८ च्या सुमारास अली इब्न रिदवान यांचा जन्म झाला. वडील नानबाई होते, भट्टीवर रोट्या भाजून घर चालवायचे. परिस्थिती हलाखीचीच. दहाव्या वर्षी मुलगा तालीम घ्यायला शहरात आला आणि चौदाव्या वर्षी त्याने तिब, म्हणजे वैद्यकशास्त्र, शिकायला घेतले. मोठ्या उस्तादांची फी परवडत नव्हती. मग काय, पुस्तके मिळवून स्वतःच वाचायची आणि पोटासाठी रस्त्याच्या कडेला बसून लोकांना ग्रह-तारे पाहून भविष्य सांगायचे!

अली साधारण अठरा वर्षांचे असताना, हिजरी ३९६ मध्ये (एप्रिल १००६ च्या अखेरीस), दक्षिणेच्या आकाशात अचानक एक प्रचंड तेजस्वी तारा दिसू लागला. चीन, जपान, इराक, स्वित्झर्लंड, सगळीकडच्या लोकांनी तो पाहिला. अलींनी मात्र त्याचे मोजमाप ठेवले. तो वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशावर होता, शुक्राच्या अडीच-तीनपट मोठा दिसत होता आणि त्याचा उजेड चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त होता. त्या वेळी सूर्य, चंद्र आणि इतर ग्रह कुठे होते, हेही त्यांनी नोंदवले. पुढे टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना ही सगळी माहिती त्यांनी त्यात घातली.

तिशी ओलांडेपर्यंत हकीम म्हणून त्यांचे नाव झाले. नानबाईचा मुलगा फातिमी दरबाराचा मुख्य हकीम बनला. इजिप्तची हवा, पाणी आणि तिथले आजार यांवर त्यांनी किताब लिहिली. स्वभाव मात्र तिखट होता. बगदादहून आलेले हकीम इब्न बुतलान यांच्याशी त्यांचा मोठा वाद रंगला. इल्म उस्तादाकडूनच घ्यावे, असे इब्न बुतलान यांचे म्हणणे. पुस्तकातूनही शिकता येते, हा अलींचा दावा. वाद इतका घसरला की अलींच्या दिसण्यावरूनही टोमणे झाले.

उतारवयात त्यांच्यावर मोठा आघात झाला. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अबी उसैबिआ सांगतात की, दुष्काळात अलींनी एका यतीम मुलीला घरी आणून वाढवले. एके दिवशी ती घरातले सोने-नाणे घेऊन निघून गेली. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. १०६० च्या दशकात त्यांचा इंतेकाल झाला.

दौलत गेली, पण ती नोंद राहिली. अलींनी दिलेल्या ग्रहस्थितीवरून आजच्या शास्त्रज्ञांनी हिशेब केला आणि ३० एप्रिल १००६ ही तारीख निघाली. तो नवा तारा नव्हताच. सुमारे ७,००० प्रकाशवर्षे दूर एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. १९६५ मध्ये रेडिओ दुर्बिणीने त्याचे अवशेष सापडले. त्या स्फोटाची धक्कालहर आजही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरते आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. लहर स्वतः तेवढी वेगवान नाही. पण चुंबकीय क्षेत्रात अडकलेले सूक्ष्म कण लहरीच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा पुन्हा फेकले जातात. प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा वाढते आणि शेवटी ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात. जपानच्या आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांतून १९९५ मध्ये याच अवशेषात असे इलेक्ट्रॉन असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. स्फोट नेमका कधी दिसला हे माहीत असल्यामुळे लहर किती वर्षांत किती पसरली, याचा हिशेब पक्का करता येतो.

अलींनी त्या ताऱ्याचा संबंध युद्धांशी आणि दुष्काळाशीही जोडला होता. तो भाग आज कुणी विचारत नाही. कामी आले ते त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेले अंश आणि ग्रहांच्या जागा. आपल्या घरातले मूल रात्री गच्चीवरून आकाशात काही वेगळे दिसले म्हणून धावत सांगायला आले, तर त्याच्या हातात वही द्या. तारीख, वेळ, दिशा लिहायला सांगा.