मित्र नावाचा नायक

वसतिगृहातली रात्रीची हजेरी झाली, की आमच्या खोलीत एका मोबाईलभोवती पाच-सहा मुली जमतात. गेले वर्षभर तिथे थायलंडच्या मालिका चालू आहेत. भाषा कुणालाच कळत नाही. खाली येणारी इंग्रजी वाक्ये वाचून संपण्याआधीच निघून जातात. तरी सगळे कळते, आणि दर भागानंतर एकच वाद रंगतो. नायक-नायिकेचे हे प्रेम कॅमेऱ्यापुरते की खरे? या नटासमोर दुसरी नटी उभी केली असती, तर चालले असते का? एखादी जोडी जमते आणि दुसरी जमत नाही, याचे कारण काय?

मी पहिल्यांदा नुसती ऐकत असे. पुढे या विषयावर वाचू लागले, तेव्हा समजले की थायलंडमध्ये हा वाद साठ वर्षांपूर्वीही असाच रंगत होता. लोकांच्या लाडक्या जोडीला तिकडे एक खास शब्द आहे : 'खू ख्वन'. 'खू' म्हणजे जोडी. 'ख्वन' म्हणजे माणसाच्या देहात वसणारे, त्याला धरून ठेवणारे चैतन्य. कुणी फार घाबरले, आजारी पडले, तर त्याचे ख्वन उडाले असे तिथले लोक मानतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून ते परत बोलावतात. जोडीच्या नावातच त्यांनी जीव घातला आहे. हा शब्द उच्चारला, की थाई माणसाला पहिली आठवण होते ती मित्र चैबन्चा आणि पेच्चरा चाओवरात या दोघांची. त्यांतल्या मित्रची ही जीवनकथा आहे.

मित्रचा जन्म 28 जानेवारी 1934 रोजी फेच्चबुरी प्रांतातल्या एका खेड्यात झाला. फेच्चबुरी म्हणजे आपल्या भाषेत वज्रपुरी. थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्द पुष्कळ आहेत, फक्त उच्चार बदललेले. मूल तान्हे असतानाच आईवडील वेगळे झाले. आई पोटासाठी बँकॉकला गेली आणि बाळ आजी-आजोबांच्या पदरात राहिले. त्याला सगळे बुनथिंग म्हणू लागले. 'बुन' म्हणजे पुण्य आणि 'थिंग' म्हणजे टाकून देणे. टाकून दिलेले पोर, हे त्याचे नाव.

इथे मी वाचायची थांबले. आमच्या सातारा जिल्ह्यात मुलीवर मुली झाल्या, की शेवटचीचे नाव नकुशी ठेवीत. 2011 साली जिल्ह्यात मोठा समारंभ होऊन 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. माझी आत्या त्या मुलींत नव्हती. तिचे लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. रेशनकार्डावर, बँकेच्या पुस्तकात ती अजून नकुसाच आहे. माझी अकरावीची फी तिने भरली, त्या पावतीच्या मागेही तिची तीच सही आहे. म्हणून फेच्चबुरीच्या त्या पोराचे पुढे काय झाले, हे मला समजून घ्यायचेच होते.

बुनथिंग काही वर्षे गावच्या बौद्ध मठात राहिला. गरिबांची मुले तिकडे मठात राहतात, भिक्षूंची वरकड कामे करतात, सकाळी भिक्षेच्या फेरीत मागोमाग चालतात आणि भिक्षूंचे जेवण झाले की उरलेले जेवतात. तो आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर आई त्याला न्यायला आली. तिने दुसरे लग्न केले होते आणि बँकॉकच्या नांग लोएंग बाजारात ती भाजी विकत असे. मुलाचे नाव बदलण्यात आले आणि पुढे कागदोपत्री तो फिचेत फुमहेम झाला. शाळेत त्याने मुष्टियुद्धात बक्षिसे मिळवली. मग हवाई दलात भरती होऊन दोन मुआंग येथे नव्या जवानांना शिकवू लागला. उंच, रुंद खांद्यांचा, हसरा तरुण. सरकारी नोकरी, अंगावर गणवेश. भाजीवालीच्या मुलाला यापेक्षा जास्त काय हवे?

पण मित्रांनी त्याला सिनेमाकडे ढकलले. त्याचे फोटो एका सिनेमासिकाच्या कचेरीत पोचले आणि बोलावणे आले. फिचेत हे नाव पडद्याला शोभणारे नव्हते. असे सांगतात, की त्याला दोन प्रश्न विचारण्यात आले. आयुष्यात सर्वांत महत्त्वाचे काय, या प्रश्नावर त्याने मित्र असे सांगितले. सर्वांत अभिमानाचा क्षण कोणता, यावर लष्करी संचलनात विजयध्वज हाती धरला तो, असे सांगितले. या दोन उत्तरांतून मित्र चैबन्चा हे नाव तयार झाले. 'चै' म्हणजे जय. 'मित्र' तर आपलाच शब्द. थाई लिपीत तो संस्कृतप्रमाणे 'मित्र' असाच लिहितात, बोलताना मात्र शेवटचा 'र' गिळून 'मित' म्हणतात. टाकून दिलेले पोर आता सगळ्या देशाचा मित्र होणार होते.

1958 साली त्याचा पहिला चित्रपट आला. 1959 साली आलेल्या दुसऱ्या एका चित्रपटाने त्याचे नाव घरोघर पोचवले. लेखक सेक दुसित यांच्या कादंबऱ्यांतला 'लाल गरुड' हा नायक त्याने त्यात रंगवला. दिवसा दारुडा, ऐदी वाटणारा माणूस रात्री लाल मुखवटा चढवून गुंडांशी लढतो. या मुखवट्याने मित्रला मोठे केले आणि याच मुखवट्याने शेवटी त्याचा जीव घेतला. ते पुढे येईलच.

1962 साली एका प्रेमकथेसाठी नवी नायिका निवडण्यात आली. रायोंग प्रांतातून बँकॉकला आलेली आणि 1961 मध्ये एक सौंदर्यस्पर्धा जिंकलेली पेच्चरा. वय 19, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. अभिनयाची पाटी कोरी. तिच्या नावातही तेच वज्र, तोच हिरा. मोठे टपोरे डोळे हीच तिची ओळख. हा चित्रपट लोकांनी उचलून धरला आणि नंतरच्या आठ वर्षांत दोघांनी दीडशेहून अधिक चित्रपटांत एकत्र काम केले.

आता आमच्या खोलीतल्या वादाकडे येते. त्या काळचे बहुतेक थाई चित्रपट 16 मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर, आवाजाशिवाय काढीत. चित्रपटगृहात पडद्याजवळ बसलेले संवादवाले प्रत्येक खेळाला सगळ्या पात्रांचे संवाद जागच्या जागी बोलत. खेडोपाडी फिरते सिनेमे जात. उघड्या मैदानात पडदा लावून औषधविके फुकट खेळ दाखवत आणि ऐन रंगात आला की थांबवून औषधे विकत. तिथेही आवाज त्या माणसाचाच. म्हणजे हजारो प्रेक्षकांनी मित्र आणि पेच्चराचे प्रेम पाहिले, पण त्यांचा खरा आवाज ऐकलाच नाही. दोघे पडद्यावर अंगचटीलाही जात नसत. मग लोकांना एवढे काय दिसले असेल?

मला वाटते, त्यांना भरवसा दिसला. तो उभा राहिला, की तिला भीती उरत नसे. ती पाहू लागली, की त्याचा दांडगेपणा लाजून मऊ होई. दोघेही खेड्याकडून आलेले, दोघांनाही शहरात आपले म्हणणारे लोकच होते, प्रेक्षक. पडद्याबाहेर ते एकमेकांचे प्रियकर-प्रेयसी नव्हते. दोघांचे संसार वेगळे होते. पेच्चराचे लग्न प्रसिद्ध गायक चरिन नंथनखोन यांच्याशी झाले. एकमेकांचा आदर ठेवून, रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत शेजारी उभे राहून काम केल्याने जी सवय जडते, ती त्यांच्यात होती. एखाद्या बैलजोडीत एकाने पाऊल उचलले की दुसऱ्याचे आपोआप उचलते, तसेच ते. आमच्या मैत्रिणींना हे उत्तर फार रूक्ष वाटले. पण मी लहानपणापासून औत पाहिले आहे. मला यात रूक्ष काही वाटत नाही.

या जोडीमागे व्यवहारही होता. निर्मात्यांजवळ भांडवल कमी. प्रांतोप्रांतीचे वितरक आगाऊ पैसे देत आणि त्यांची अट एकच असे : मित्र आणि पेच्चरा हवेत. कथा नंतर पाहू. मग तारखांची ओढाताण सुरू झाली. थायलंडमध्ये वर्षाला पाऊणशे ते शंभर चित्रपट निघत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत मित्र असे. सकाळी एका चित्रपटाचा शेतकरी, दुपारी दुसऱ्याचा शिपाई, रात्री तिसऱ्याचा मुखवटेधारी. दिवसातून दोन-तीन तासच झोप मिळे, असे सांगतात. त्याच्या नावावर 266 चित्रपट आहेत, आणि सगळे बारा-तेरा वर्षांतले. नकार दिला, तर त्या चित्रपटावर पोट असलेली माणसे बुडतील, हे त्याला कळत असणार. आपले नाव मित्र ठेवले, की अशी अडचण होते.

या लोकप्रियतेची एकदा परीक्षाही झाली. 1969 साली मित्र लोकसभेसारख्या तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. तिकिटाला रांग लावणाऱ्यांनी मत दिले नाही. पैसा गेला, मनाला लागले. तरी थाई चित्रपटांसाठी स्वतंत्र चित्रपटगृह बांधायचे, हा ध्यास त्याने सोडला नाही. परदेशी चित्रपटांपुढे देशी चित्रपटांना चांगली चित्रपटगृहे मिळत नसत, त्यावर हा त्याचा उपाय होता. त्यासाठी त्याने कर्ज अंगावर घेतले.

1970 साली त्याचा आणि पेच्चराचा 'मोन राक लुक थुंग' हा चित्रपट आला. हा मोठ्या 35 मिलिमीटर फिल्मवर काढलेला, ग्रामीण गाण्यांनी भरलेला. नायक कर्जात बुडालेला भातशेतकरी. त्याचे खात्यापित्या घरच्या मुलीवर प्रेम आहे, म्हणून घरचे तिला बँकॉकला पाठवून देतात. बँकॉकमध्ये हा चित्रपट सहा महिन्यांहून अधिक चालला. कर्जबाजारी शेतकऱ्याचे काम करणारा नट त्या वेळी स्वतः कर्जात होता, हे प्रेक्षकांना कुठे ठाऊक असणार?

त्याच वर्षी त्याने 'सोनेरी गरुड' या चित्रपटात नायकाबरोबर दिग्दर्शनही अंगावर घेतले. कुणी तोतया लाल मुखवटा घालून गुन्हे करतो, म्हणून नायक सोनेरी मुखवटा चढवतो, अशी कथा. नायिका अर्थात पेच्चरा. 8 ऑक्टोबर 1970 रोजी पट्टायाजवळच्या जोमतिएन किनाऱ्यावर शेवटचे दृश्य घ्यायचे होते. हेलिकॉप्टरच्या दोरशिडीला लटकून नायक आकाशात निघून जातो, एवढेच. मित्रने शिडी पकडली, पण पाय पायरीवर टेकले नाहीत. सगळा भार हातांवर आला. हेलिकॉप्टर मात्र वर वर जात राहिले. सुमारे 300 फुटांवरून त्याचे हात सुटले. वय 36. कॅमेरा चालूच होता. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते दृश्य त्यात होते.

21 जानेवारी 1971 रोजी बँकॉकच्या देवसिरिन मठात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. सुमारे तीन लाख लोक जमले होते, असा अंदाज आहे. ज्याला जन्मतः टाकून दिलेला म्हटले, त्याला निरोप द्यायला एवढी माणसे आली. जोमतिएनला, तो पडला त्या जागेजवळ, त्याचे छोटे देऊळ आहे. लोक तिथे फुले आणि उदबत्त्या वाहतात. 2010 साली 'लाल गरुड' नव्याने पडद्यावर आला, तेव्हा मुखवट्याआड दुसरा नट होता, पण चर्चा मित्रचीच झाली.

पेच्चराने पुढे इतर नायकांबरोबर काम केले, पण लोकांची जोडी तीच राहिली. वर्षानुवर्षे डोळ्यांवर घेतलेल्या प्रखर प्रकाशाने तिची दृष्टी अधू होत गेली आणि अखेर पूर्ण गेली. ज्या डोळ्यांवर देश भाळला होता, तेच तिने या कामापायी गमावले. 2018 साली तिला राष्ट्रीय कलाकार हा मान मिळाला. पडद्यावरचे प्रेम खरे की खोटे, असे आता कुणी विचारले, तर मी एवढेच सांगते, की त्याची किंमत दोघांनीही खरी मोजली. एकाने जीव दिला, एकीने डोळे.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही सगळी कथा आत्याला सांगितली. वाटले होते, नावाची गोष्ट तिला भिडेल. ती शेंगा फोडत ऐकत होती. सिनेमा, मुखवटा, हेलिकॉप्टर याबद्दल तिने काहीच विचारले नाही. तिने विचारले ते मुलाच्या आईबद्दल. भाजी विकून पोट भरणारी बाई आठ-नऊ वर्षांनी का होईना, पोराला न्यायला गेली ना, याची तिने माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाली, की तसे असेल तर त्याला टाकलेला म्हणायला नको होते.

मी तिला म्हटले, की तुझेही नाव आता बदलून घेऊ, तहसील कचेरीत अर्ज मी लिहून देते. त्यावर ती हसली आणि नवे नाव काय ठेवायचे, ते आधी ठरव म्हणाली. मी अजून ठरवते आहे.