विश्लेषण : झटक्यानंतर विनोबांनी औषध का थांबवले? रक्ताची गुठळी आणि रक्तस्राव यांच्यात डॉक्टर मेळ कसा घालतात?

५ नोव्हेंबर १९८२. वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात आचार्य विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७ वर्षे. उपचार सुरू झाले, प्रकृतीत थोडी सुधारणाही दिसली. मात्र ८ नोव्हेंबरला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवले. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी सकाळी, त्यांचे निधन झाले.

विनोबांच्या या निर्णयावर आजही चर्चा होते. त्यामागचा माणूस समजून घेताना हृदयरोगाच्या उपचारातला मूळ पेचही समजून घ्यायला हवा.

विनोबा पवनारला कसे आले?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींच्या सांगण्यावरून ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यासाठी आले.

१९३८ मध्ये प्रकृती खूपच खालावली, तेव्हा विश्रांतीसाठी ते धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले. पुढे हेच त्यांचे कायमचे ठिकाण झाले. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात त्यांनी इथूनच केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत १०० एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदान चळवळ उभी राहिली. त्यानंतर सुमारे १३ वर्षे ते देशभर पायी फिरले.

त्यांनी आधीही औषध नाकारले होते?

होय. डिसेंबर १९५२ मध्ये पदयात्रेदरम्यान तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे त्यांना मलेरियाचा तीव्र ताप आला. सुरुवातीला ते औषध घ्यायला तयार नव्हते. अखेर सहकाऱ्यांच्या आणि नेत्यांच्या आग्रहापुढे त्यांनी औषध घेतले. बरे झाल्यावर भूदानाची यात्रा पुन्हा सुरू झाली.

शरीराच्या तक्रारी त्यांना नव्या नव्हत्या. पोटातील अल्सरचा त्रास जुना होता. पदयात्रेच्या काळात त्यांचा आहार मुख्यतः दूध-दह्यावरच असे. हा अल्सर पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे.

झटका येतो म्हणजे नेमके काय होते?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. हा थर फाटला की शरीराला ती जखम वाटते. प्लेटलेट तिथे चिकटतात आणि गुठळी तयार होते. बोट कापल्यावर रक्त थांबवणारी हीच यंत्रणा इथे धमनी बंद करते. पुढचा स्नायू रक्ताविना मरू लागतो.

मग सरळ रक्त पातळ का करायचे नाही?

कारण गुठळी रोखणारे औषध फक्त हृदयापुरते काम करत नाही. ते सगळ्या शरीरात पोहोचते. पोटात अल्सर असेल तर तिथून रक्तस्राव होऊ शकतो. वय जास्त असेल तर मेंदूत रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणजे एका बाजूला गुठळी, दुसऱ्या बाजूला रक्तस्राव. प्रत्येक रुग्णात डॉक्टरांना हा तोल नव्याने साधावा लागतो.

१९८२ मध्ये हेपारिन, ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज ही औषधे माहीत होती. पण झटक्यात ती किती जीव वाचवतात याचे भक्कम पुरावे नंतर आले. स्ट्रेप्टोकायनेजचा मोठा इटालियन अभ्यास १९८६ चा. १९८८ मध्ये १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की साधी ॲस्पिरिनही मृत्यूंचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी करते आणि दोन्ही औषधे एकत्र दिली तर ही घट ४२ टक्क्यांपर्यंत जाते.

बायपासमध्ये हा तोल कसा साधतात?

भारतात पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ मध्ये चेन्नईत झाली. मात्र ८७ वर्षांच्या रुग्णासाठी त्या काळी हा पर्याय सहसा विचारातही घेतला जात नसे.

बायपासमध्ये हाच पेच काही तासांत दोनदा उलटा फिरतो. रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून जाते. परक्या पृष्ठभागाला लागताच ते गोठू शकते. म्हणून आधी रुग्णाच्या वजनानुसार, साधारणपणे किलोमागे ३०० ते ४०० युनिट, हेपारिन देतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे टेबलावरच पुन्हा पुन्हा तपासले जाते. हा आकडा बहुतेक ठिकाणी ४०० ते ४८० सेकंदांच्या वर ठेवतात.

मशीन बंद झाले की प्रोटामिन देऊन हेपारिनचा परिणाम उतरवतात, नाहीतर टाके घातलेल्या जागांतून रक्त वाहत राहील. आणि रक्तस्राव आटोक्यात आल्यावर काही तासांतच पुन्हा ॲस्पिरिन सुरू होते, कारण आता नव्याने जोडलेल्या नळीत गुठळी होता कामा नये.

विनोबांचा निर्णय वेगळा का होता?

त्यांच्याकडे उपचारांची वानवा नव्हती. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून जवळच होते. डॉक्टर हजर होते. अनेकांनी औषध घेण्याची विनंती केली. चांडिलला अशा विनंतीला त्यांनी मान दिला होता, तेव्हा समोर हजारो मैलांची यात्रा बाकी होती. १९८२ मध्ये आपले काम पूर्ण झाले आहे, शरीर आता सोडावे, ही त्यांची भूमिका ठाम राहिली. गुठळी की रक्तस्राव, हा प्रश्न डॉक्टरांचा होता. विनोबांनी सोडवलेला प्रश्न आणखी किती काळ जगायचे, हा होता.

धाम नदीच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

आजच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

विनोबांचा निर्णय एका ८७ वर्षांच्या साधकाचा, विचारपूर्वक घेतलेला होता. बायपास किंवा स्टेंटनंतर बरे वाटते म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात जीव जाऊ शकतो.

• दात काढायचा असेल किंवा दुसरे कुठले ऑपरेशन असेल, तर गोळी सुरू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.
• शौच डांबरासारखे काळे होणे, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा किंवा अचानक तीव्र डोकेदुखी ही रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. लगेच रुग्णालय गाठा.
• अल्सरचा जुना त्रास असेल तर तो लपवू नका. त्यावरून औषध आणि डोस ठरतो.
• अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. अनेक गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात.