संगणक नसलेला प्रोग्रामर : देवळालीचे कापरेकर मास्तर

गेल्या वर्षी वर्गणीचा हिशेब जुळवायला आम्ही पाच-सहा जण कोरमंगलात एका सभासदाच्या घरी बसलो होतो. हिशेब जुळला, चहा आला आणि नेहमीप्रमाणे गप्पा नोकरीवर घसरल्या. आमच्यातला नागपूरचा एक तरुण नुकताच एका कंपनीत मुलाखत देऊन आला होता. तिथे त्याला एक छोटासा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. विषय होता 'कापरेकर कॉन्स्टंट'. इंग्रजी स्पेलिंग वाचून त्याला ते नाव केप्रेकार असे कुणा युरोपियन माणसाचे वाटले! मी म्हटले, अरे बाबा, हे आपले देवळालीचे कापरेकर मास्तर. खोलीतल्या निम्म्या मंडळींना हे नवीनच होते. तेव्हाच सेक्रेटरींनी फर्मान काढले की पुढच्या स्मरणिकेत हे तुम्हीच लिहायचे.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माणूस. शिक्षण डिप्लोमा. सॉफ्टवेअरमधले मला तुमच्याइतके कळत नाही. पण माझे आजोळ नाशिकरोडचे. लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी कसाऱ्याला थांबायची, मागे जादा इंजिने लागायची, घाट चढून इगतपुरी यायची आणि मग देवळाली गेले की आई सामान आवरायला घ्यायची. त्या देवळालीत एक शाळामास्तर आकड्यांशी खेळत असत, हे आजोबांकडून ऐकलेले. त्या ओळखीवर हा लेख.

डहाणू ते देवळाली

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषाला फारसे गणित लागत नाही, पण हिशेब करण्याची सवय मात्र लागते. ती सवय मुलाने उचलली आणि जन्मभर सोडली नाही. शालेय शिक्षण ठाण्याला झाले. तिथेच कोडी सोडवण्याचा आणि हिशेबाच्या आडवाटा शोधण्याचा छंद जडला.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या गणितातील कामासाठी हे बक्षीस दिले जाई. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली आणि शिक्षण तिथेच थांबले. पुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

१९३० साली देवळालीला शिक्षकाची नोकरी मिळाली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, ते तिथेच शिकवत राहिले. देवळाली हे इंग्रजांच्या लष्करी छावणीचे गाव. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथे महिनोन्‌महिने कंटाळून वेडेपिसे होत. त्यामुळे इंग्रजी भाषेत 'डुलाली' हा शब्द वेड लागण्याच्या अर्थाने रूढ झाला. त्याच गावात एक मास्तर आकड्यांचे वेड घेऊन सुखाने नांदत होते!

६१७४ चा शोध

कापरेकरांचे नाव ज्याच्यामुळे जगभर झाले तो शोध १९४६ सालचा. तीन वर्षांनी, १९४९ मध्ये, मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. शोध इतका साधा आहे की पाचवीतल्या मुलालाही करून पाहता येतो. चारी अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा.

आपण मास्तरांचे जन्मसाल १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा तेच करा. ७६४१ मधून १४६७ गेले की परत ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली, पुढे रूळ नाहीत. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती ६१७४ ला येऊन थांबते. तीन अंकी संख्या घेतल्या तर असाच मुक्काम ४९५ वर होतो. दोन अंकी घेतल्या तर मुक्काम नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ अशा चकरा चालू राहतात. पाच अंकीतही एकच एक मुक्काम सापडत नाही.

सॉफ्टवेअरमधल्या वाचकांना आता हे ओळखीचे वाटले असेल. एक ठरलेली कृती, तिचे उत्तर पुन्हा त्याच कृतीत घालायचे आणि कुठे थांबायचे त्याची अट. तुम्ही याला लूप म्हणता. म्हणूनच नव्याने प्रोग्रॅम शिकणाऱ्यांना हा अभ्यास देतात. फरक एवढाच की १९४६ साली भारतात एकही संगणक नव्हता आणि मास्तरांनी हे सारे वहीवर हातांनी केले.

यात एक खाचही आहे. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे पुढचे शून्य धरून ०९९९ असे लिहिले तरच पुढची पायरी ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१ येते आणि गाडी ६१७४ ला पोचते. शून्य टाकून दिले तर ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, सारे फसले. मुलाखतीत आमच्या नागपूरकर मित्राचा प्रोग्रॅम नेमका इथेच अडला होता. आमच्या खात्यात नवीन इंटरलॉकिंग चालू करण्यापूर्वी सिलेक्शन टेबल समोर ठेवून प्रत्येक रूट, त्याच्या आड येणारा प्रत्येक रूट, प्रत्येक पॉइंट आणि ट्रॅक सर्किट एकेक करून तपासावे लागते. नऊशे नव्व्याण्णव वेळा बरोबर आले म्हणून हजारावी वेळ सोडून देता येत नाही. कापरेकरांचे काम याच जातीचे आहे.

आणि नुसती चिकाटी म्हणजे सर्व काही नाही, हेही यात दिसते. संगणक सगळ्या संख्या एकामागून एक तपासेल. पण थोडा विचार केला तर कळते की पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला फरक ९९९ ने गुणायचा, मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने गुणायचा आणि बेरीज करायची. १९०५ साठी फरक ९ आणि ४. म्हणजे ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१. फरकांच्या अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. हजारो संख्यांचे काम ५४ वर येते, आणि ५४ गणिते एका रविवारी वहीवर होतात.

आणखी किती तरी आकडे

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेमलो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली. तिथे असताना मास्तरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. २५५३ पाहा. पहिला अंक २ आणि शेवटचा ३ यांची बेरीज ५, तोच अंक मध्ये बसला आहे. १६५ आणि ४७७७३ चेही तसेच. या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असे नाव दिले. गणिताच्या पुस्तकात स्टेशनाचे नाव गेलेले पाहून आम्हा रेल्वेवाल्यांची छाती फुगली तर नवल नाही!

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षद आहे. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

गणपतीच्या स्मरणिकेत शोभेल असा त्यांचा शोध म्हणजे 'सेल्फ' संख्या, आपण स्वयंभू म्हणू. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ येतात. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला असा जनकच नाही, कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. ती स्वयंभू. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांतही स्वयंभू संख्या शोधण्याचा प्रश्न आलेला आहे.

उपेक्षा आणि मान

हे सगळे वाचताना वाटेल की अशा माणसाला लोकांनी डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. गणितातल्या अनेक विद्वानांना हे काम म्हणजे निव्वळ करमणूक वाटे. ना उच्च पदवी, ना विद्यापीठातली जागा, आणि विषय काय, तर अंकांची उलटापालट! त्यांचे लेख बऱ्याचदा लहानसहान नियतकालिकांत येत. पुष्कळ पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. मास्तरांच्या पगारात छपाई म्हणजे काय, हे त्या काळातल्या घरांना विचारावे. तरीही ते गणिताच्या परिषदांना जात राहिले, आणि शाळा-कॉलेजांनी बोलावले की आनंदाने जाऊन मुलांना आकड्यांच्या गमती दाखवत.

निवृत्तीनंतर दिवस कठीण आले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरत नसे, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून ते गुजराण करत. वहीतले आकडे मात्र थांबले नाहीत.

मग १९७५ चा मार्च महिना आला. अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती कोड्यांचे सदर जगभर वाचले जाई. त्यात गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव देशोदेशी गेले. तेव्हा त्यांचे वय ७० होते, शोधाला २९ वर्षे झाली होती. पुढे घरोघर संगणक आले आणि हौशी मंडळींनी त्यांच्या कृती यंत्रावर चालवून पाहिल्या. आकडे बरोबर निघाले. असले काम शिफारशीवर उभे राहत नाही, जो करून पाहील त्याला तेच उत्तर येते.

१९८६ साली देवळालीतच कापरेकर मास्तर गेले. मी सहज ते साल मांडून पाहिले. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. जन्मसालाच्या वाटेवर दुसरे स्टेशन तेच होते. तिथून पुढे दोन्ही वाटा एकच.

आपल्यासाठी

आता थोडे घरचे. माझा मुलगा यंदा दहावी झाला. त्याला डिप्लोमाला जायचे होते. मी स्वतः डिप्लोमावाला असून मीच नको म्हणत होतो. आपल्या परिसरात ओळख करून देताना आधी कंपनी, मग पदवी, मग पॅकेज येते आणि त्या रांगेत मी कुठे उभा असतो ते मला ठाऊक आहे. त्याच्या वाट्याला ते येऊ नये, एवढेच मनात होते. शेवटी जूनमध्ये त्याने डिप्लोमालाच प्रवेश घेतला. महिनाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

पदवी निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. कापरेकरही बी.एस्सी. होते, आणि आणखी शिकते तर त्यांची वाट सोपी झाली असती. पण ज्या कामामुळे आज त्यांचे नाव निघते, ते कोणत्याही हुद्द्याने त्यांच्याकडून करून घेतले नव्हते. शाळा सुटल्यावर, वहीवर, कुणी विचारत नसताना ते झाले. हा लेख लिहिताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले.

परवा मी मुलाला हाक मारली आणि त्याला कृती सांगितली. रात्री त्याने प्रोग्रॅम लिहिला. ०९९९ पाशी तोही अडखळला, मी शून्य दाखवल्यावर पुढे सरकला. सारखे अंक वगळून उरलेल्या ८९९१ च्या ८९९१ चार अंकी संख्या त्याने चालवल्या. सातपेक्षा जास्त पायऱ्या एकीलाही लागल्या नाहीत. आम्ही दोघे बराच वेळ स्क्रीनवरचे ६१७४ बघत बसलो.

उत्सवाच्या दहा दिवसांत मांडवात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती एक कागद आणि पेन्सिल द्यावी आणि त्याच्या जन्मसालावर ही कृती करायला सांगावी, असे मंडळाला सुचवतो. बुद्धीच्या देवतेपुढे याहून चांगला कार्यक्रम मला तरी सुचत नाही.

गणपती बाप्पा मोरया!