आनंदीबाई जोशी आणि जाणवणारा आधार

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न वयाने बरेच मोठे असलेल्या गोपाळरावांशी झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचे, हा निश्चय त्या दुःखातून आला.

गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्याच गोपाळरावांनी तिला मारहाणही केली. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्यांना त्याची आठवण करून दिली. मग पतीचा आधार होता की नव्हता? बघणारे पटकन हो म्हणतील. मानसशास्त्रीय तपासणीत मात्र आम्ही बघणाऱ्यांना नाही, रुग्णालाच विचारतो. कारण मोजायचा असतो तो जाणवणारा आधार.

त्यासाठी १९८८ मध्ये ग्रेगरी झिमेट व सहकाऱ्यांनी मांडलेली बारा विधानांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. चार विधाने कुटुंबाबद्दल, चार मित्रमैत्रिणींबद्दल, चार एखाद्या खास व्यक्तीबद्दल. ही व्यक्ती जोडीदारच असावी असे नाही. नुसती एकूण सरासरी पाहिली, तर कुठला आधार तोकडा आहे ते कळत नाही.

आनंदीबाईंची खास व्यक्ती, माझ्या मते, समुद्रापार होती. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि स्वतःहून मदतीचा हात पुढे केला. प्रत्यक्ष भेटीआधीच पत्रांतून त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. १८८३ मध्ये पतीशिवाय जहाजाने गेलेल्या आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली.

आधाराने क्षय बरा होत नाही, आणि तेव्हा त्यावर औषधही नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच त्या गेल्या.

तुमच्या रुग्णाला अशी प्रश्नावली दिली, तर शेजारी बसून उत्तरे सुचवू नका. गुण कमी आले म्हणजे घरच्यांनी काही केले नाही, असे नसते. नैराश्यात असलेला आधारही जाणवेनासा होतो. म्हणून उपचारांनंतर प्रश्नावली पुन्हा भरून घेतलेली बरी.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या. पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.