यंत्राला माणसाचे भान देणारा गणिती

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जो तो बोलतो आहे. यंत्र किती हुशार झाले, याचीच चर्चा अधिक. ते कोणाच्या उपयोगी पडणार आणि कोणाला दाराबाहेर ठेवणार, हा प्रश्न मागेच पडतो. अशा वेळी मला नॉर्बर्ट वीनर आठवतात.

१८९४ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात त्यांचा जन्म झाला. वडील हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. मुलाला त्यांनीच कडक शिस्तीत शिकवले. आठव्या वर्षी मुलाचे डोळे इतके अधू झाले, की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. नॉर्बर्ट ऐकून आणि मनातल्या मनात गणिते सोडवून शिकत राहिला. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी डॉक्टरेट. १९१९ मध्ये ते एमआयटीत रुजू झाले.

दुसऱ्या महायुद्धात विमानाचा पुढचा मार्ग हेरून त्यावर तोफ रोखण्याचे गणित ते मांडत होते. चुकीची खबर यंत्राकडे परत यावी आणि त्याने स्वतःला सावरावे, हे फीडबॅकचे तत्त्व. यंत्र आणि प्राणी या दोघांनाही ते लागू पडते, हे त्यांनी १९४८ च्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथात मांडले. पण हिरोशिमानंतर त्यांचे मन लष्करी संशोधनातून उडाले होते. १९४७ च्या आरंभीच त्यांनी असे काम करण्यास जाहीर नकार दिला. १९४९ मध्ये मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रूथर यांना त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि स्वयंचलित यंत्रांमुळे येऊ घातलेल्या बेकारीचा इशारा दिला.

त्याच सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बहिऱ्यांसाठी एक हातमोजा तयार करायला घेतला. आवाजाचे पाच भाग करून ते पाच बोटांना कंपनांच्या रूपाने जाणवावेत, अशी कल्पना. हेलन केलर यांनीही तो पाहिला. प्रयोगशाळेबाहेर तो फारसा गेला नाही. मला मात्र त्यामागची दिशा मोलाची वाटते. १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून गेले. १९६१ मध्ये कमरेचे हाड मोडले, तेव्हाही शल्यविशारदांशी त्यांची चर्चा रंगली ती कृत्रिम हाताची! स्नायूंतील विद्युत् संदेशांवर चालणारा ‘बोस्टन आर्म’ पुढे त्यातूनच आकाराला आला. १९६४ मध्ये स्टॉकहोम येथे वीनर यांचे निधन झाले.

आपल्याकडे रेशनच्या दुकानात राबून झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही आणि म्हातारी माणसे रिकामी पिशवी घेऊन परततात. वीनर यांच्या हिशेबाने पाहिले, तर इथे बोटांचा दोष नाहीच. चूक यंत्राकडे परत जाण्याची वाटच बंद आहे. हुशार यंत्रे खुशाल यावीत. पण ज्याच्यावर ती चालणार, त्याची तक्रार आधी त्यांच्या कानी पडावी. माझ्या मते वीनर यांचा वारसा तो हाच.