डॉ. हाफकिन व आयुष्याची दोरी

मनुष्याच्या आयुष्याची दोरी देवाच्या हाती असता ती औषधाने लांबवू पाहणे हा अविश्वास नव्हे काय, असा प्रश्न आमच्या नांदगावासारख्या गावी कधी कधी कानी येतो. पवित्र शास्त्राच्या वाचकांस ठाऊक आहे की, हिज्कीया राजास देवाने पंधरा वर्षे वाढवून दिली, तेव्हा त्याच्या गळवावर अंजिराचा लेपही लावण्यात आला. प्रार्थना व उपचार तेथे एकत्रच नांदली. या प्रश्नाशी ज्यांचे अवघे जीवित निगडित झाले, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

हाफकिन यांचा जन्म इ. स. १८६० साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्राचे पदवीधर, वैद्य नव्हेत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगाचा कहर झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी अहोरात्र खपून तीन महिन्यांत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई आपल्याच अंगी घेतली. ती लस पूर्ण संरक्षण देत नसे. तथापि मृत्यूचा संभव पुष्कळ कमी होई.

लोक मात्र बिथरले होते. कोणी प्लेगास दैवी कोप मानीत, तर कोणी सुईलाच भीत. त्याच वर्षी पुण्यास सोजिरांनी घरझडत्यांचा जाच मांडल्यामुळे सरकारी उपायांविषयी मने अधिकच विटली. हाफकिन यांचा भर समजुतीवर होता. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेताच त्यांचे अनुयायीही पुढे आले.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतील लसीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांचे काम सुटले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.

त्या काळी या देशात सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. लस, स्वच्छ पाणी व पोटभर अन्न यांचा हा प्रसाद होय. विद्यार्थिमित्रहो व पालकहो, भ्यालेल्या शेजाऱ्यास हसू नये. त्याची समजूत घालावी, आणि आपला दंड प्रथम पुढे करावा.